सात उद्गार, सात वक्ते आणि तीन तास

संपादक महोदय,

गुड फ्रायडेला दुपारी १२ ते ३ या वेळात होणारी येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांची उपासना आपल्या अनेक मराठी मंडळ्यांत श्रद्धेने पाळली जाते. एरवी रविवारी न दिसणारी माणसेही त्या दिवशी उपवास धरून येतात. १७व्या शतकात पेरूमधल्या लिमा शहरात जेझुइट धर्मगुरूंनी रुजवलेली ही प्रथा पुढे प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीही आपली मानली. सात उद्गार सात जणांना वाटून देण्याची रीत फार चांगली आहे. त्यामुळे पाळकांच्या जोडीला महिला मंडळ, तरुण संघ, संडे स्कूलचे शिक्षक यांनाही वचन सांगण्याची संधी मिळते. पण सात जणांची तयारी सात दिशांना झाली, की उपासनेची सभा होते. पंचांनी आणि पाळकांनी यंदा त्याचा विचार करावा, म्हणून हे पत्र.

सर्वांत मोठी अडचण अशी, की पहिलाच वक्ता येशूला अटक झाली त्या गेथशेमाने बागेपासून कबरेपर्यंत सगळी कथा सांगून टाकतो. दुसरा तीच कथा पुन्हा सांगतो. तिसऱ्याचे आटोपेपर्यंत दोन वाजतात आणि मग उरलेल्या चौघांना ‘थोडक्यात घ्या’ अशी चिठ्ठी जाते. इथे वेळेपेक्षा मोठे नुकसान होते. मार्कच्या शुभवर्तमानाप्रमाणे येशूला सकाळी नऊच्या सुमारास वधस्तंभावर खिळले, दुपारी बारा ते तीन अंधार पडला आणि ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही आरोळी तीनच्या सुमाराची आहे. तहान, ‘पूर्ण झाले आहे’ आणि ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’ हे उद्गार त्याच्या अखेरच्या क्षणांचे. ज्या घटकेसाठी लोक उपाशीपोटी बसलेले असतात, तीच घटका आपण घाईत उरकतो.

तीन तासांची १८० मिनिटे होतात. प्रत्येक उद्गाराला २४ मिनिटे द्यावीत: वाचन २, उपदेश १२, शांतता ३, गीत ४, प्रार्थना ३. सातांची १६८ होतात. उरलेल्या १२ मिनिटांत आरंभीची प्रार्थना आणि शेवटचे आशीर्वचन आरामात बसते. बारा मिनिटांत सावकाश बोलल्यास हजार-अकराशे शब्द मावतात. त्यामुळे उपदेश लिहून काढावा आणि घरी घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहावा. तीन मिनिटांची शांतता मात्र कुणीही कापू नये. वेळ कमी पडला की पहिला घाला तिच्यावरच पडतो आणि ऐकलेले मनात उतरायला जागाच उरत नाही.

वाचनेही आधी ठरवून द्यावीत. पहिल्या उद्गारासाठी (मारणाऱ्यांना क्षमा) लूक २३:३२–३४, दुसऱ्यासाठी (शेजारच्या गुन्हेगाराला दिलेले वचन) लूक २३:३९–४३, तिसऱ्यासाठी (आईला शिष्याच्या हाती सोपवणे) योहान १९:२५–२७, चौथ्यासाठी मार्क १५:३३–३६, पाचव्यासाठी योहान १९:२८–२९, सहाव्यासाठी १९:३० आणि सातव्यासाठी लूक २३:४४–४६. काही वाचने एक-दोन ओव्यांचीच (वचनांचीच) असल्याने वक्ता भरकटतो. तिथे बायबलमधल्या स्तोत्रांचा आधार घ्यावा. चौथ्या उद्गाराबरोबर २२वे स्तोत्र वाचावे, कारण येशूच्या तोंडी त्याचीच पहिली ओळ आहे आणि आक्रोशाने सुरू झालेले ते स्तोत्र स्तुतीकडे जाते. पाचव्याला ६९:१६–२१ आणि सातव्याला ३१:१–५ जोडावे. कीर्तनकार दाखले कितीही देवो, मूळ अभंगाकडे परत येतो; वक्त्यानेही आपल्या उद्गाराकडे तसेच परत यावे. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन मराठीत जोपासले, त्यामुळे ही शिस्त आपल्याला परकी नाही.

आता मजकुराविषयी. पहिल्या उद्गारावर बोलताना ‘यहूद्यांनी मारले’ असे सरसकट म्हणू नये. वधस्तंभ ही रोमी शिक्षा होती, हुकूम रोमी सुभेदार पिलाताचा होता आणि खिळे रोमी शिपायांनी ठोकले. येशू, त्याची आई, पेत्र, योहान हे सारे यहूदीच होते. येशूच्या मृत्यूचा दोष सर्व यहूद्यांवर ठेवता येणार नाही, असे कॅथोलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६५ साली स्पष्टपणे जाहीर केले. ज्या महाराष्ट्रात कोकणातल्या बेने इस्राएल या यहूदी समाजाने शतकानुशतके मराठी बोलत आपला धर्म सांभाळला, तिथे तरी आपल्या व्यासपीठावरून असे वाक्य जाता कामा नये. क्षमेच्या उद्गारावर बोलता बोलता द्वेष पेरला जाणे हे पाप आहे, आणि हे मी पूर्ण विचारांती लिहितो.

तिसरा उद्गार आईच्या महतीवरचे भाषण होऊन बसतो. वचनात तर पुढचीच गोष्ट आहे: येशूने आईला ज्याच्या हाती सोपवले, त्या शिष्याने त्या वेळेपासून तिला आपल्या घरी ठेवून घेतले. मंडळीतल्या एकट्या राहिलेल्या विधवांचे औषधपाणी, भाडे, सोबत कोण पाहते, हा प्रश्न इथे विचारायला हवा. पाचव्या उद्गारावर वक्ते लगेच ‘आत्म्यांची तहान’ या अर्थाकडे उडी मारतात. आधी शरीराची तहान सांगा. गंधरस मिसळलेला द्राक्षारस त्याने नाकारला होता आणि शेवटी आंब (आंबट द्राक्षारस) मात्र घेतली. जालन्या-बीडच्या उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या माणसांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

खिळे, रक्त, जखमा यांची लांबलचक वर्णनेही आवरावीत. शुभवर्तमानकार ‘त्याला वधस्तंभावर खिळले’ एवढेच सांगून पुढे जातात. भयाने आलेले रडू घरी पोचेपर्यंत ओसरते. त्यापेक्षा प्रत्येक वक्त्याने शेवटी आठवडाभर करता येईल अशी एकच कृती सांगावी: रागावलेल्या भावाला फोन करणे, रोज रात्री ३१व्या स्तोत्राची पाचवी ओवी म्हणून झोपणे. आध्यात्मिक वाढ अशा लहान सवयींतूनच होते.

गुड फ्रायडे २० मार्च ते २३ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो, म्हणजे ऊन आलेच. मधुमेही आणि वयस्क मंडळींना उपवास सोडण्याची मोकळीक पाळकांनी आदल्या रविवारीच जाहीर करावी आणि दाराशी पाणी ठेवावे. दानार्पण, सूचना, आभारप्रदर्शन या उपासनेत नकोतच. सूचना फलकावर लावाव्यात.

सातही वक्त्यांची एक एकत्र बैठक मात्र हवीच, आणि ती ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात हवी. प्रत्येकाने आपला मुद्दा एका वाक्यात लिहून आणावा आणि सर्वांसमोर वाचावा. कोणाचे काय पुन्हा येते, कोणता दाखला दोघांनी घेतला, हे तिथेच कळते. पवित्र सप्ताहात, म्हणजे गुड फ्रायडेच्याच आठवड्यात, बैठक घेऊन उपयोग नाही, तोवर सगळ्यांचे उपदेश लिहून झालेले असतात आणि कोणी एक ओळही गाळायला तयार नसतो.

– एक निवृत्त पाळक, अहिल्यानगर