गाडीचं सगळं, हिशोबासकट

भांडुप, १२ जानेवारी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही एकदम गप्प झालात, तेव्हाच ठरवलं की सगळं नीट लिहून कळवायचं. जुनी फिएट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, घेतेय हे खरं आहे. पण एफडी मोडलेली नाही, कर्जही काढलेलं नाही. चार वर्षांत बाजूला टाकलेले सहा लाख आहेत, त्यातच बसवणार.

आधी अ‍ॅम्बेसेडर बघितली होती, पण आमच्या सोसायटीच्या आवारात ती वळवताच येत नाही. स्टँडर्ड हेराल्ड फार देखणी, पण तिची एक काच फुटली तर कुठे शोधत फिरू? पद्मिनी मात्र इथलीच, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली, तरी इतकी वर्षं त्या शहरभर धावल्यामुळे सुटे भाग कुर्ल्याला अजून मिळतात आणि ते १०८९ सीसीचं इंजिन हाताखालून गेलेले मिस्त्रीही आहेत. पहिल्यांदाच गाडी नव्याने उभी करायची तर मला हेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं.

पहिली बघितली ती पासष्ट हजारांची. नवाकोरा लाल रंग, आत शिरले तर अत्तराचा वास. आई, तुझ्या शिवणाच्या डब्यातलं सुया गोळा करायचं लोहचुंबक मी दिवाळीत आणलं होतं ना, ते रुमालात गुंडाळून पत्र्यावर लावत गेले. बॉनेटवर घट्ट बसलं. दाराखालच्या पट्टीवर लावलं तर घसरून खाली पडलं. परत लावलं, परत पडलं. तिथे पत्रा उरलाच नव्हता, लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारला होता. पायाखालचं मॅट उचललं तर भोकातून खालची फरशी दिसली. मुंबईचा पाऊस आणि खारी हवा, दुसरं काय होणार! ती घेतली असती तर पत्र्याच्या टिंकरकामातच सगळे पैसे संपले असते.

म्हणून चेंबूरची घेतेय. १९८४ची, एक लाख सत्तर हजार. रंग पार उडालाय, इंजिन धूर सोडतं, पण पत्रा शाबूत आहे. इंजिन उघडून बांधता येतं, सडलेल्या पत्र्याला अंतच नसतो. चेसिस नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून बघितला.

बाबा, तुम्हाला काळजी आहे ती कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे गाडीची मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही. म्हणून दुसरं इंजिन बसवायचं नाही, छत कापायचं नाही. रंग गडद हिरवा करतेय, तो आरटीओत आरसीवर चढवून घेईन. बाकी माझी हौस आतल्या आत.

पत्रा आणि रंगाला दोन लाख धरलेत, आणि ते काम पावसाआधीच उरकायचंय, दमट हवेत रंग नीट बसत नाही. इंजिन, ब्रेक, वायरिंग मिळून नव्वद हजार. वायरिंग पूर्ण नवं टाकणार, तिथे एक रुपया वाचवणार नाही, जुन्या वायरींनी गाड्या पेटतात. सीट आणि टायरना साठ. राहिले ऐंशी हजार, त्यांना हात लावायचा नाही. गाडी उघडल्यावर काय निघेल ते आज मिस्त्रीलाही सांगता येत नाही, ते पैसे त्यासाठी. कमी पडले तर सीट थांबतील, ब्रेक नाही.

आई, पुढची सीट सलग आहे, आपण तिघं शेजारी बसू शकू. मिस्त्री रेक्झिन म्हणतोय, मला उन्हाळ्यात चिकटणारं रेक्झिन नको. जाड सुती कापड चालेल का, आणि कडेच्या पायपिंगला कोणता रंग घेऊ? गडद हिरव्याला शोभेल असा सांग. आणि बाबा, २५ तारखेच्या रविवारी व्यवहार आहे. त्याआधी दोन दिवस याल का? कागदपत्रं तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय मी सही करणार नाहीये.

तुमची,
सायली