गटाराचं पाणी जाणार कुठे?

मा. संपादक,
स. न.

वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीच्या खात्यावर पडून राहिला अशी बातमी आली की खापर सरपंच आणि ग्रामसेवकावर फुटतं. (ग्रामसेवकाचं पदनाम आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालंय; टेबल तेच, फायली त्याच.) त्यांचाही दोष असतो, नाही असं नाही. पण हा केंद्राचा पैसा गावात पोहोचेपर्यंत त्याचे किती वाटे पडतात, याची एकदा आकडेमोड व्हायला हवी.

पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी रुपये द्यावेत अशी शिफारस केली होती. ऐकायला डोळे दिपवणारी रक्कम. 2011च्या जनगणनेतल्या सुमारे 83 कोटी ग्रामीण लोकसंख्येने भागली, की माणशी वर्षाला साडेपाचशेच्या वर थोडेच उरतात. महाराष्ट्रात त्यातले 80 टक्के ग्रामपंचायतीला आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला. म्हणजे सरासरीने धरलं तर दोन हजार वस्तीच्या गावाला वर्षाला नऊएक लाख. त्यातले 60 टक्के बंधित: निम्मे पिण्याच्या पाण्याला, निम्मे स्वच्छतेला. स्वच्छतेच्या वाट्याला राहिले पावणेतीन लाख, आणि तेही हप्त्याहप्त्याने.

एवढ्यात सांडपाण्याचं किती मीटर गटार होतं, ते कुठल्याही गवंड्याला विचारावं. म्हणून आराखड्यात काम लिहिलं जातं ते असं: ‘अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत आरसीसी गटार बांधणे.’ पुढच्या वर्षी दुसऱ्या आळीत, दुसऱ्या सदस्याच्या वॉर्डात असाच एक तुकडा. आमच्या गावातला एक तुकडा प्राथमिक शाळेच्या कुंपणाशी येऊन थांबतो. पुढे ना ओढा, ना शोषखड्डा. वरच्या आळीचं धुण्याभांड्याचं पाणी तिथे तुंबतं, आणि पोरं टाकलेल्या फरशीवरून उड्या मारत शाळेत जातात. शेजारी रंगवलेला फलक उभा: कामाचं नाव, रक्कम, ‘15 वा वित्त आयोग’. कागदोपत्री बोट ठेवायला जागा नाही. मोजमाप पुस्तिकेतले मीटर बरोबर, देयक बरोबर, फोटो ऑनलाइन चढवलेले. फक्त पाणी शेवटी जाणार कुठे, हा रकानाच कुठल्या कागदात नाही.

तुकडे पाडण्यात काहींचा स्वार्थही असतो. ज्या रकमेपुढे ऑनलाइन निविदा काढावी लागते ती ई-निविदेची मर्यादा चुकवता येते, प्रत्येक सदस्याला आपापल्या आळीत नारळ फोडता येतो. पण उद्या हा स्वार्थ संपला तरी प्रामाणिक सरपंचालाही या हप्त्यांत सलग गटार बांधणं जमणार नाही. त्यातच 2021 साली राज्य सरकारने पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची वीजबिलं याच निधीतून भरायला सांगितलं. सरपंचांनी ओरड केली, ती रास्तच होती. वीज वापरली तर बिल भरायला हवं, यात वाद नाही. पण केंद्राकडून कामांसाठी आलेल्या पैशातून राज्याने आपल्या अंगावरचा भार उतरवावा, हे पटत नाही. मार्च 2022पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. लोकनियुक्त मंडळ नाही तर निधी नाही, हा नियम असल्याने त्यांच्या वाट्याचे पैसेही अडकले. निवडणुका लांबल्या त्यात गावकऱ्याचा काय हात होता?

आता 2026-27पासून सोळाव्या आयोगाची पाच वर्षं. रक्कम वाढवून मागणारे पुष्कळ आहेत, मी ते मागत नाही. ग्रामविकास विभागाने एवढंच करावं: स्वच्छतेचा पाच वर्षांचा वाटा गृहीत धरून संपूर्ण गावाचा एकच गटार आराखडा करू द्यावा, त्याला जिल्हा परिषदेच्या अभियंत्याची एकदाच तांत्रिक मंजुरी घ्यावी, आणि काम खालच्या टोकाकडून सुरू करून वर न्यायची अट घालावी. आधी ओढ्याजवळचा शोषखड्डा किंवा स्थिरीकरण तळं (सांडपाणी साठवून निवळू देणारं), मग तिथून वर जमेल तेवढे मीटर. पैसे मधेच संपले तरी झालेला भाग उपयोगी पडेल. आज नेमकं उलटं होतं.

सरपंच बदलला की आराखडा बदलतो, अशी हरकत कुणी घेईल. ती खरी आहे. त्यासाठी नकाशा ग्रामसभेच्या ठरावाला जोडावा, पंचायतीच्या भिंतीवर रंगवावा, आणि त्यात बदल करायचा तर पुन्हा ग्रामसभेपुढेच जावं लागावं.

पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याच्या ग्रामसभा 2 ऑक्टोबरपासून सुरू होतात. परिपत्रक त्याआधी हातात पडलं तर उपयोग. जानेवारीत आलं तर तोवर ‘अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत’ची यादी पोर्टलवर चढलेली असेल.

— एक माजी ग्रामपंचायत सदस्य, जि. सांगली