पाना सीटखाली आणि सीट उघडायला पाना

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात पत्रं येतात ती रस्त्याची, पाण्याची, पीक विम्याची, आणि ती यायलाच पाहिजेत, पण माझं पत्र मोटरसायकलच्या सीटबद्दल आहे, हसू नका. मी पिग्मी एजंट आहे, म्हणजे खातेदारांची रोजची बचत दारोदार गोळा करणारा. औशातून सकाळी निघायचं आणि खेड्यांनी फिरायचं, दिवसाला 60-70 किलोमीटर कुठं जात नाहीत, म्हणजे घरच्या खुर्चीपेक्षा जास्त मी त्या सीटवर बसतो, आणि ती सीट निघती कशी हे मला चार वर्षं माहीत नव्हतं.

गाडी 2021 ला घेतली. शोरूमवाल्यांनी हार घातला, पेढा दिला, चावी हातात देताना फोटो काढला, सगळं झालं, फक्त सीट कशी काढायची ते कुणी दाखवलं नाही आणि मीबी विचारलं नाही. कोण विचारतंय त्या दिवशी.

मागच्या जूनमधी लामजना पाटीच्या अलीकडं पाऊस लागला आणि गाडी चालता चालता गप्प झाली. हॉर्न नाही, इंडिकेटर नाही, सेल्फ तर नाहीच. फोनवर मेव्हण्याला विचारलं तर तो म्हणला फ्यूज गेला असंल, सीटखाली डबी असती, त्यातच एक्स्ट्रा फ्यूज पण असतो, दोन मिनटाचं काम आहे. सीटला मागून दोन बोल्ट, 10 नंबरचे. आता 10 नंबरचा पाना कुठंय, तर सीटखाली. हे कंपनीचं पाप नाही, माझंच आहे. साइड कव्हरचं लॉक तुटलेलं, आतले पाने एकदा आठवडी बाजारात चोरीला गेले, म्हणून नवीन आणले ते मी लई हुशारी करून गॅरेजवाल्याकडून सीटखाली ठिवून घेतले होते.

पाटीवरच्या हॉटेलातून पक्कड मिळाली. एक बोल्ट कसाबसा निघाला, त्याचा वायसर काळ्या चिखलात पडला तो अजून तिथंच आहे. दुसऱ्या बोल्टाला पक्कड लावली की घसरायची, लावली की घसरायची, शेवटी त्याचं डोकं गोल गुळगुळीत झालं, मग त्याला पानाबी धरला नसता. गळ्यात कलेक्शनची बॅग, अंगावर पाऊस, गाडी हॉटेलच्या पत्र्याखाली लावली आणि टेम्पोत बसून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक घेऊन गेलो, पोरगंच आहे विशीतलं. त्यानं बोल्ट बघितला आणि मला म्हणला, "काका, पक्कड कामून लावली?" मी म्हणलं, "मग काय दातानं काढू?" त्यानं छन्नी टेकवली, उलट्या बाजूनं हातोडीचे दोन-तीन ठोके दिले, बोल्ट हलला. नंतर फ्यूज बदलायला खरंच दोन मिनटं लागली. पण सीट परत बसवायला त्यानं मला सांगितलं, "आता तुम्ही बसवा, म्हंजी पुन्हा मला बोलवायचं नाही." त्याचे पैसे मी खुशीनं दिले.

तर ते जे शिकलो ते लिहितो, कारण माझ्यासारखे लई असतील.

सीट वरून सरळ दाबून बसत नाही. पुढच्या टोकाला खालून जिभेसारखी एक पट्टी असती, ती टाकीच्या मागं खोबणीत गेली पाहिजे. म्हणून सीटचा मागचा भाग थोडा उचलून धरायचा, पुढची जीभ खोबणीत घालायची, आणि मग मागून तळहातानं टाकीकडं एक धक्का द्यायचा, धपकन नाही, सरकवल्यासारखा. जीभ गेली का नाही हे बघायला टाकीजवळ सीट हातानं वर उचलून बघायची, उचलली तर गेलेली नाही. मी पहिल्यांदा तिथंच चुकलो, जीभ वरच राहिली, मागं बोल्टाची भोकं बोटभर लांब, आणि मी भोकालाच शिव्या द्यायलो.

भोकं जुळंनात तर बोल्ट तिरका घालून पान्यानं ओढायचा नाही, आटे जातात, मग वेल्डिंगवाल्याकडंच जावं लागतं. एका बाजूच्या भोकात पेचकस घालून सीट जागेवर आणायची आणि दुसऱ्या बाजूचा बोल्ट आधी लावायचा. दोन्ही बोल्ट आधी नुसत्या बोटानं तीन-चार आटे फिरवायचे, एक आवळून टाकला की दुसरं भोक हमखास सरकतंय. वायसर पडू नये म्हणून त्याला जरा ग्रीस लावून बोल्टाला चिकटवायचा, ग्रीस नसंल तर घरातली व्हॅसलीन चालती, आटे पण गंजत नाहीत. आणि पाना साधा नको, रिंग पाना नाहीतर टी पाना घ्या, आमच्या गाड्यांना मागं कॅरियर बसवलेलं असतंय, त्यात साधा पाना फिरतच नाही, जरासा फिरला की अडकला. लई जोर लावायचा नाही, 10 च्या डोक्याचा बोल्ट आत 6 एमएमचाच असतो, मोडला की बसा.

एवढं करूनबी माझी सीट दिवाळीत पुन्हा बसंना. कारण सापडायला अर्धा दिवस गेला. लातूरला गंजगोलाईकडं एका दुकानात नवीन रेक्झिन टाकून घेतलं होतं, त्यानं खालची घडी इतकी जाड दुमडली होती की बरोबर बोल्टाच्या पट्टीखाली तीन पदर आलेले, आणि पिना अशा ठोकलेल्या की माझ्या मनगटावर ओरखडा. ब्लेडनं तेवढी घडी कापली, सीट गुमान बसली. म्हणून सीट कव्हर टाकून आणलं की दुकानासमोरच बसवून बघा, घरी आणून नाही.

चावीनं उघडणारी सीट असती त्यांना वाटतंय आपण सुटलो. माझ्या भाच्याची तसली आहे. चावी फिरंना म्हणून त्यानं चावी पिळली आणि मोडली. तिथं युक्ती साधी आहे, एका हातानं सीट मागून खाली दाबायची आणि दुसऱ्या हातानं चावी फिरवायची, आतल्या खटक्यावरचा ताण जातो आणि तो सुटतो. केबलला उन्हाळ्यात दोन थेंब तेल सोडायचं. बसवताना खटका वाजेपर्यंत दाबायची, आणि दाबायच्या आधी चावी हातात आहे का बघायचं, ती सीटखाली राहिली म्हणजे माझी गत.

सीट कशाला काढायची असं कुणी म्हणंल. सोयाबीनच्या पोत्याशेजारी गाडी लावणाऱ्यानं म्हणू नये. माझ्या चुलतभावाच्या सीटखाली उंदरानं कापूस, चिंध्या, भुसा आणून घर केलं होतं आणि वायरी कुरतडल्या होत्या, गाडी मधीच बंद पडती म्हणून तो दोन महिने पेट्रोलमधी पाणी आहे म्हणत हिंडला. आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाडीच्या धुराचा नवीन नियम, सक्तीचा झाला, बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर जाऊन फ्यूएल इंजेक्शन आलं. पहिल्या गाडीची बॅटरी उतरली तरी मी किक मारून चालवलेली आहे, आता पेट्रोलचा पंपच करंटवर चालतोय, म्हणजे बॅटरी पार मेली नाहीतर फ्यूज गेला की गाडी जागेवर. ज्या वस्तूवर गाडी अडती ती वस्तू दोन बोल्टांच्या आत बंद.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधी 123 नंबरचा नियम आहे, मागं बसणाऱ्याला धरायला हँडल पाहिजे, पाय ठिवायला जागा पाहिजे, आणि साडी-धोतर चाकात अडकू नये म्हणून मागचं अर्धं चाक झाकणारी जाळी पाहिजे. म्हणजे सरकार मागच्या बाईच्या पदराचा विचार करतंय, चांगली गोष्ट आहे. तसंच बॅटरी आणि फ्यूज पान्याशिवाय हाताला लागले पाहिजेत एवढी एक ओळ टाकायला काय हरकत आहे? काहीजण हातानं फिरवायचे मूठवाले बोल्ट लावतात, पण ते बाजारात लावलेल्या गाडीला नको, पाने गेले तशी सीटच जाईल. निदान शोरूमवाल्यांनी डिलिव्हरीच्या दिवशी फोटोच्या आधी गिऱ्हाइकाकडून एकदा सीट काढून-बसवून घ्यावी, पाच मिनटं लागतात.

10 नंबरचा रिंग पाना मी आता पिग्मीच्या बॅगेतच ठिवतो, पावती पुस्तकाच्या खाली. परवा एका खातेदाराबाईनं विचारलं हे काय, वसुलीला आणलंय का?

आपला वाचक,
एक पिग्मी एजंट, औसा, जि. लातूर