रंगाखालच्या कामाबद्दल, पेंटरकाकांना

आदरणीय पेंटरकाका,
सप्रेम नमस्कार.

बालवाडीच्या खोलीतलं कपाट, प्लायचे फलक आणि भिंतीवरचं झाड, सगळं रंगवून झालं. येणारा-जाणारा धनेश आणि खंड्या पाहून माझं कौतुक करतो. पण त्या पक्ष्यांच्या खाली जे काम आहे ते तुमचं, आणि ते कुणाच्याच नजरेला पडत नाही. म्हणून हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर लिहिते आहे. ॲक्रिलिकनं, म्हणजे पाण्यात कालवायच्या रंगानं, काही रंगवायला घेणाऱ्या इतरांनाही तुमच्याकडून मला मिळालं ते मिळावं, एवढीच इच्छा.

22 जुलै 2021 म्हणजे काय, हे चिपळूणकरांना सांगायला नको. ते लोखंडी कपाट त्या पुरात उभं होतं. रंगाला फोड आलेले, बिजागऱ्यांपाशी गंज, खालच्या कप्प्यात गाळ. भंगारात द्या, असंच सगळ्यांचं म्हणणं होतं. तुम्ही दारावर नख फिरवलंत, एक पोपडा उचलून मागून पाहिलात आणि म्हणालात, "पत्रा ठणठणीत आहे. रंग तेवढा मेलाय."

मग जे सुटतंय ते सगळं पत्रीनं खरवडून काढायला लावलंत. जो जुना ऑइलपेंट घट्ट होता तो ठेवलात, पण त्याची चकाकी मात्र वॉटर पेपरनं पार घालवलीत. गुळगुळीत ऑइलपेंटवर ॲक्रिलिक नुसता बसतो, धरत नाही; आज छान दिसतो आणि पुढे सोलल्यासारखा निघतो. उघड्या पडलेल्या लोखंडावर पाण्यातलं काहीही थेट लावलं तर वाळता वाळताच गंजाचे ठिपके उमटतात, म्हणून तिथे आधी रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा तेलातला प्रायमर. तेलावर ॲक्रिलिक चालत नाही असं मी ऐकून होते, तेव्हा तुम्हाला विचारलं. तुम्ही फरक समजावलात: कॅनव्हासवरचा तैलरंग वेगळा आणि पूर्ण सुकलेला, घासून मंद केलेला प्रायमर वेगळा. तो पकड देतो.

तरी तुम्ही विश्वासावर सोडलं नाहीत. दाराच्या आतल्या बाजूला एक चौकोन रंगवलात, तो पक्का वाळू दिलात, ब्लेडनं त्यावर उभ्या-आडव्या रेघा मारल्यात, वर चिकटपट्टी दाबून बसवलीत आणि झटक्यात ओढलीत. पट्टी कोरी आली. तेव्हा कुठे म्हणालात, "आता काढा तुमचे पक्षी." ही परीक्षा मी आता प्रत्येक नव्या पृष्ठभागावर घेते.

प्लायबद्दल मात्र तुमचे आभार मानावेत तेवढे थोडेच. जेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात दिले की फलक तयार, असं जिथे तिथे सांगितलं जातं. तुम्ही उरलेल्या तुकड्याच्या अर्ध्या भागावर थेट जेसो लावलात. उरलेल्या अर्ध्यावर आधी बिनरंगाच्या ॲक्रिलिक मीडियमचे दोन पातळ हात, आणि ते वाळल्यावर जेसो. मग दोन्हीवर पारदर्शक मीडियम जाड थापलंत. वाळल्यावर पहिल्या अर्ध्यावर चहा सांडल्यासारखी पिवळट झाक आली होती, दुसरा अर्धा स्वच्छ. ॲक्रिलिकमधलं पाणी लाकडात शिरतं, तिथला टॅनिन (लाकडातलं डाग पाडणारं द्रव्य) आणि बाकीचा मळ विरघळवतं आणि वाळताना तो वर ओढून आणतं. जेसो सच्छिद्र असतो. त्यात खडूची पूड असते, म्हणूनच रंग त्याला धरतो. पण त्याच सच्छिद्रपणामुळे तो हा डाग अडवू शकत नाही. "लाकडाचं तोंड आधी बंद करायचं," हे तुमचं वाक्य मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या वहीत पहिल्या पानावर लिहायला लावलं आहे.

कडा सगळ्यात जास्त पितात, त्यांना एक हात जास्त, हेही तुमचंच. आणि पाठ! फलकाची मागची बाजू कोण रंगवतं? पण फक्त पुढून थर दिले तर दोन बाजू ओल कमी-जास्त घेतात आणि फलक वाकतो. कोकणातल्या हवेत तर हमखास. आपले फलक एक पावसाळा काढूनही सरळ आहेत.

जेसोचा पहिला हात आडवा, दुसरा उभा, मधे 220 नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी 400 चा हलका हात. घासताना तोंडाला फडकं, आणि पूड ओल्या कापडानं पुसल्याशिवाय पुढचा हात नाही. जेसो पातळ करायला पाणी बेतानं, नाहीतर त्यातला चिकटपणाच जातो. हे सगळं तुम्ही बोलत बोलत करत होतात, मला वेगळं शिकवायला बसला नाहीत.

भिंतीसाठी तुम्ही मला थांबवलंत, त्याचे आभार वेगळे मानायला हवेत. लोणा लागलेल्या, म्हणजे ओलीनं पांढरा खार वर आलेल्या, भिंतीवर प्रायमर मारून द्यायला तुम्ही साफ नकार दिलात. प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी पट्टी लावून भिंतीला चिकटवलात. दुसऱ्या दिवशी त्याच्या आत दव धरलं होतं. ओल येते कुठून ते आधी शोधा, म्हणालात. मागच्या पन्हळीचं पाणी भिंतीवर उतरत होतं, ते बंद केलं. खार कोरड्या ब्रशनं झाडायचा, धुवायचा नाही, कारण पाण्यानं तो विरघळून परत आत जातो. दिवाळी उलटेपर्यंत भिंतीला हात लावू दिला नाहीत. सगळ्यांना घाई होती, तुम्हाला नव्हती. आज त्या झाडाचा एक पापुद्रा सुटलेला नाही.

फ्लेक्स आल्यापासून गावात हातानं रंगवलेले बोर्ड उरले नाहीत, आणि तुमच्यासारख्यांचं हे ज्ञान कुणी विचारायलाही येत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. मीठ, गंज, ओल यांच्याशी तुमचा हात आयुष्यभर झगडला आहे. तयार कॅनव्हास विकत घेऊन चित्रं काढणाऱ्या आम्हा लोकांना ते कधी करावंच लागलं नाही. तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा बिनसाखरेचा. आमच्याकडे देण्यासारखं फक्त हे पत्र आहे.

आणि एक मागणं. दारावर बालवाडीचं नाव तुमच्याच हातानं हवं आहे. पाटी तयार ठेवली आहे: पाठपोट आणि कडा सील केल्यात, जेसोचे तीन हात, शेवटचा 400 नं घासलेला. चिकटपट्टीची परीक्षा घेतली आहे, तुम्ही पुन्हा घ्यालच. गुडघा बरा असेल तर येत्या रविवारी सकाळी या. न्यायला मुलाला पाठवते.

आपली नम्र,
बालवाडीच्या चित्रकलेच्या ताई