शाळेतील जर्मन विद्यापीठात अपुरे का पडते?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

परकीय भाषांच्या उच्च शिक्षणाविषयी वृत्तपत्रांतून जे लेखन प्रसिद्ध होते, त्यात नोकरीच्या संधींची चर्चा भरपूर असते. मात्र शाळेत जी भाषा शिकलो तीच विद्यापीठात मुख्य विषय म्हणून घेतल्यावर नेमके काय वाट्याला येते, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. मी शाळेत पाच वर्षे जर्मन शिकले, पुढे त्याच विषयाची पदवी घेतली आणि आता तोच विषय शिकवते. त्या अनुभवाच्या आधारे हे पत्र लिहीत आहे.

शाळेत जर्मनमध्ये उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थी पदवीला प्रवेश घेतो, तेव्हा त्याची आणि त्याच्या पालकांचीही समजूत अशी असते की, शाळेतले पुस्तक जिथे संपले तिथून पुढचे पुस्तक आता सुरू होईल. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ही समजूत मोडीत निघते. शाळेत रिकाम्या जागी योग्य शब्द भरला की काम संपते. विद्यापीठात तो शब्द तिथे का आला आणि त्याने वाक्याचे काय केले, हे सांगावे लागते.

माझ्या पहिल्या वर्षीचा एक तास मला अजून आठवतो. प्राध्यापकांनी अर्ध्या पानाची एक बातमी वाचायला दिली होती आणि तीत एका मंत्र्याविषयी 'एर झाय क्रांक' असे तीन शब्द होते. शाळेत आम्ही 'एर इस्ट क्रांक', म्हणजे 'तो आजारी आहे', एवढेच घोकलेले. त्यामुळे 'झाय' हा छपाईचा दोष असावा असे समजून मी शेजारणीच्या प्रतीत डोकावून पाहिले, तर तिथेही 'झाय'च. प्राध्यापकांनी अर्थ विचारलाच नाही. 'मंत्री आजारी आहेत असे बातमीदार स्वतः म्हणतो आहे का?' असा प्रश्न त्यांनी केला आणि वर्ग गप्प झाला. दुसऱ्याचे म्हणणे सांगताना जर्मनमध्ये क्रियापदाचे वेगळे रूप वापरतात, 'झाय' हे त्यातलेच. बातमीदार आजाराची हमी घेत नाही, कोणी तरी तसे सांगितले एवढेच नोंदवतो. आपण मराठीत 'तो आजारी आहे म्हणे' असे सहज बोलतो. तो 'म्हणे' जर्मनमध्ये क्रियापदाच्या पोटातच शिरलेला असतो, फक्त आपल्या 'म्हणे'मध्ये कधी कधी जी शंका किंवा खोच असते, ती 'झाय'मध्ये असेलच असे नाही. हा एक फरक समजायला मला दोन तास लागले, पण त्यानंतर मी कोणतीही जर्मन बातमी पूर्वीसारखी वाचू शकले नाही.

मराठी विद्यार्थ्याला या अभ्यासात आपल्या भाषेचा मोठा आधार असतो, हे शाळेत क्वचितच सांगितले जाते. तो, ती, ते अशी तीन लिंगे आपल्याला परकी नाहीत. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते म्हणून इतर जण कपाळाला हात लावतात, तेव्हा आपल्याला ते घरचेच वाटते. 'कॉम डॉख' या दोन शब्दांतल्या 'डॉख'चा अर्थ शब्दकोशात पाहिला तर 'तरीही' असा काहीतरी निघतो आणि वाक्य लागत नाही. 'ये की' असे म्हटले की क्षणात लागते. उलट, मराठीच काही ठिकाणी आपल्याला फसवते. 'मी तुला मदत करते' आणि 'मी तुला विचारते' या दोन्ही वाक्यांत आपल्याकडे 'ला' हा एकच प्रत्यय, पण जर्मनमध्ये पहिल्यासाठी 'इश हेल्फे डीर' आणि दुसऱ्यासाठी 'इश फ्रागे डिश', अशा दोन वेगळ्या विभक्ती लागतात. ही चूक माझे विद्यार्थी पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत करतात (खरे सांगायचे तर घाईत बोलताना मीही करते), कारण मराठी आणि जर्मन शेजारी-शेजारी ठेवून ती त्यांना कोणी दाखवलेलीच नसते.

दुसरा धक्का भाषेच्या इतिहासाचा. ग्रिम बंधूंची नावे शाळेत परीकथांमुळे कानावर पडलेली असतात. त्यांच्यापैकी याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये जर्मानिक भाषांतील (म्हणजे जर्मन, इंग्रजी ज्यात मोडतात त्या कुळातील) व्यंजनबदलांची नियमबद्ध मांडणी केली, हे विद्यापीठात आल्यावर कळते. संस्कृत 'दश', इंग्रजी 'टेन', जर्मन 'त्सेन'. संस्कृत 'दन्त', इंग्रजी 'टूथ', जर्मन 'त्सान'. 'द'चा 'ट' आणि 'ट'चा 'त्स' अशा या दोन पायऱ्या आहेत, आणि दुसरी पायरी इंग्रजीने चढलेली नाही. त्याआधी १८१६ मध्ये जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रान्झ बॉप यांनी संस्कृत क्रियापदांची रूपे ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांशी ताडून पाहिली होती. ज्या विद्यार्थ्याने शाळेत संस्कृत सोडून जर्मन घेतले, त्याला संस्कृत पुन्हा इथे भेटते, हा योगायोग मला नेहमीच मजेशीर वाटतो.

जुनी पुस्तके हाती घेतली की आणखी एक अडचण येते. १९४१ पूर्वीची बरीच पुस्तके टोकदार वळणाच्या फ्राक्टूर लिपीत आहेत, जीत 'एस' आणि 'एफ' ही अक्षरे चटकन वेगळी ओळखू येत नाहीत. १९९६च्या शुद्धलेखन सुधारणेआधी छापलेल्या पुस्तकांत शाळेत चूक म्हणून लाल शाईने खोडलेली रूपे राजरोस दिसतात. सवयीने हे जमते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिले त्या मुद्द्याकडे येते. भाषा किती येते हे मोजण्याच्या युरोपीय चौकटीनुसार ए-१ (अगदी सुरुवातीची) ते सी-२ (सर्वांत वरची) अशा सहा पातळ्या मानल्या जातात. शालेय जर्मन सहसा ए-२ किंवा फार तर बी-१पर्यंत पोहोचते, तर जर्मनीतील विद्यापीठात जर्मन माध्यमातून शिकायचे असेल तर साधारणपणे सी-१च्या आसपासची तयारी अपेक्षित असते. मधली वाट विद्यार्थ्याने कशी काटायची याचे उत्तर शाळाही देत नाही आणि विद्यापीठही देत नाही. मी शिकत असताना आमच्या विभागाने पाच वर्षे जर्मन शिकलेल्या आणि अजिबात न शिकलेल्या मुलांना एकाच वर्गात बसवले. आम्ही अर्धे वर्ष 'माझे नाव अमुक' म्हणत काढले आणि दुसऱ्या सत्रात एकदम काव्यविवेचनाच्या तासाला जाऊन बसलो. आमच्यातल्या दोघी हुशार मुलींनी त्याच सुमारास विषय बदलला. दोष त्यांच्या क्षमतेचा नव्हता, असे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

यावर फार खर्चाचे उपाय लागत नाहीत. शाळेने शेवटच्या दोन वर्षांत, पाठ्यपुस्तकासाठी सोपा न केलेला मजकूर महिन्यातून एकदा तरी मुलांपुढे ठेवावा. हवामानाचे वृत्त असो, जाहिरात असो किंवा वाचकाचे पत्र असो, सगळे शब्द समजलेच पाहिजेत असा आग्रह नसावा. गुणांसाठी प्रश्नोत्तरे पाठ करून घेण्याचा मोह शिक्षकांना होतो, आणि परीक्षेची रचना पाहता मी त्यांना फार दोष देणार नाही. विद्यापीठाने मात्र प्रवेशाच्या वेळी शाळेच्या गुणपत्रिकेवर विसंबू नये. स्वतःची छोटी चाचणी घेऊन विद्यार्थ्यांचे दोन गट करावेत आणि शाळेतून भाषा शिकून आलेल्यांसाठी पहिल्या सत्रात केवळ वाचनाचा एक स्वतंत्र तास ठेवावा.

शिवाय, पहिल्या वर्षी प्रत्यक्ष वाचाव्या लागणाऱ्या मजकुराचे एक पान विभागांनी प्रवेशाच्या माहितीपत्रकात छापावे, अशी माझी विनंती आहे. नोकरीच्या संधींची यादी तिथे आधीपासून असतेच. तिच्या शेजारी हे पान असले, तर विद्यार्थ्याला शब्दकोश घेऊन तासभर त्याच्याशी झटापट करून पाहता येईल आणि अर्ज भरायचा की नाही हे ठरवता येईल.

आपली विश्वासू,
जर्मनची एक शिक्षिका