धुऱ्यावरचा गेळ वाचवा

महोदय,

मेळघाटाच्या पायथ्याशी आमचं शेत आहे. यंदा उन्हाळ्यात शेजारचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, जेसीबीने साफ केला, त्यात गेळाची जुनी झुडपं मुळासकट गेली. फार वाईट वाटलं. समोरासमोर जोडीने येणारे बोटभर सरळ काटे, त्यामुळे गुरं आत शिरत नसत. पावसाच्या तोंडावर पांढरी सुवासिक फुलं येतात आणि एक-दोन दिवसांत पिवळी पडतात. एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात. फळ छोट्या पेरूसारखं, टोकाला मुकुट असलेलं. गेळ हा कॉफीच्या कुळातला. आयुर्वेदातलं मदनफळ ते हेच. चरकसंहितेने वमनाच्या, म्हणजे उलटी करवणाऱ्या, औषधांत त्याला श्रेष्ठ मानलं आहे. मात्र वैद्याच्या सल्ल्याशिवाय कुणी ते घेऊ नये. कच्ची फळं ठेचून डोहात टाकून मासे धरत, तो प्रकार मला कधीच पटला नाही.

मुरमाड, उतारावरच्या जमिनीतही गेळ तग धरतो. वनविभागाच्या रोपवाटिकांनी सागासोबत गेळाचीही रोपं द्यावीत आणि ग्रामपंचायतींनी पांदणरस्ते मोकळे करताना कडेची झुडपं राखावीत, ही कळकळीची विनंती. आमच्या धुऱ्यावर तीन झुडपं उरली आहेत. बिया हव्या असणाऱ्यांनी हिवाळ्यात फळं पिकली की खुशाल न्याव्यात.

– एक शेतकरी, जि. अमरावती