गुड्डूच्या मामास

धरमपेठ, नागपूर
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच हसतोस आणि विषय भलतीकडे जातो. तुझ्या भाच्याबद्दल आहे, म्हणून सावकाश वाच.

काल अण्णांच्या गच्चीवर पोकरचं टेबल बसलं. अण्णांच्या हातात दोन राजे. समोर सगळ्यांची सामाईक पानं: बदाम राजा, बदाम नव्वी, किलवर चौव्वी, मग इस्पिक राणी, आणि रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पानाला, बदाम दुर्री. अण्णांनी सगळ्या चिप्स पुढे केल्या. गुड्डूकडे बदाम एक्का आणि बदाम सत्ती, म्हणजे पाच बदामांचा फ्लश. टेबलावर जोडी नाही, म्हणजे फ्लशवर मात करणाऱ्या फुल हाऊसचा (तीन सारखी आणि एक जोडी) प्रश्न नाही. त्या पाच पानांवर याहून मोठा हात कुणाला लागूच शकत नव्हता. आणि हा पोरगा कपाळ चोळत बसला. चिप्स मोजल्या, पुन्हा रचल्या, सुस्कारा टाकला, मग कॉल, म्हणजे तेवढ्याच चिप्स भरल्या. अण्णांनी राजे उघडले, त्यांचा हात पॉटकडे, मधल्या चिप्सच्या ढिगाकडे, गेला, तेव्हा याने एकेक पान टाकलं. आधी सत्ती, मग एक्का.

अण्णा "छान हात" म्हणाले आणि पुढचा डाव वाटायला घेतला. अण्णा इतकं थोडं बोलतात तेव्हा काय झालेलं असतं, ते तुला ठाऊक आहे.

पोकरमध्ये ब्लफ करणं, तोंड कोरं ठेवणं, समोरच्याला चुकीच्या वाटेला लावणं, सगळं चालतं; खेळच तो आहे. पण डाव संपला, निकाल लागला, आता समोरच्याने करण्यासारखं काही उरलं नाही, त्या क्षणानंतरचं नाटक खेळात मोडत नाही. तिथे फसवून एक चिपसुद्धा जास्त मिळत नाही, फक्त माणूस दुखावतो. सर्वांत मोठा हात असेल तर लगेच कॉल करायचा आणि लगेच दोन्ही पानं उघडायची, एवढा साधा नियम.

याच्या आधीचा एक डावही सांगतो, कारण मला खरी काळजी त्याची आहे. गुड्डूकडे दोन एक्के होते. ती जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते, तेव्हा पोरगा खुशीत असणारच. फ्लॉपवर, म्हणजे पहिल्या तीन सामाईक पानांवर, बंड्याला किलवरची चार पानं झाली, फ्लशला एक कमी. पॉटमध्ये ४००, गुड्डूने २०० लावले, बंड्याने कॉल केला आणि टर्नवर, म्हणजे चौथ्या पानाला, किलवर पडला. झालं! "काका, हा कॉल काहून केला तुम्ही? एकोणीस टक्क्यांवर पंचवीसची किंमत कोण देते?" आणि पुढची दहा मिनिटं शिकवणी.

आता हिशेब बघ. २०० भरून एकूण ८०० चा पॉट, म्हणजे २५ टक्के संधी हवी. न दिसलेली ४७ पानं, त्यांत ९ किलवर, म्हणजे १९ टक्के. इथवर पोरगा बरोबर. पण किलवर लागला तर पुढे गुड्डूकडून अजून अडीचशेच्या आसपास निघाले की तो कॉल फिटतो, आणि गुड्डूसमोर तेव्हा दीड हजार होते. बंड्याने हे मोजलं नसेल, पण त्याला वासाने कळतं. म्हणजे शिकवणीही अर्धीच होती. आणि पूर्ण बरोबर असती तरी टेबलावर द्यायची नव्हती. कमकुवत खेळणाऱ्याला टोचून बोललं की दोनच गोष्टी होतात: तो सुधारतो नाहीतर उठून जातो. जिंकायला बसलेल्याला या दोन्ही परवडत नाहीत, आणि मित्र म्हणून बसलेल्याला दुसरी परवडत नाही.

निर्णय आणि निकाल वेगळे ठेवणं, पोकर शिकवतो ती सगळ्यांत मोठी गोष्ट हीच. पत्ते पडायच्या आधी एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीवर शंभरात सुमारे ८२ वेळा जिंकते. उरलेल्या १८ वेळा कुणाचीच चूक नसते. गुड्डूला हे आकड्यांत पाठ आहे, पण १८ पैकी एखादी वेळ स्वतःवर आली की दोषी शोधायला लागतो. उद्या नोकरीच्या मुलाखतीत, धंद्यात, सगळीकडे हे १८ येणार आहेत.

मी विचार केला, हुशार पोराचं असं का व्हावं? तो शिकला फोनवर. तिथे पाळी नसताना बटणच दाबता येत नाही. रेझ (आधीच्या बेटवर वाढवणं) अर्धवट होत नाही, चिप्स आपोआप मोजल्या जातात, घड्याळ संपलं की पानं जातात. यंत्राने सगळे नियम पाळून घेतले, म्हणून त्याला कधी काही पाळावंच लागलं नाही. शिवाय समोर चेहरा नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, आणि ही पोरं आता गच्च्यांवर येऊन बसताहेत. येऊ देत! आपल्या टेबलावर पैसा नाही, चिप्स म्हणजे नुसते गुण, पण रीत तर हवी.

तुझं-माझं स्ट्रिंग बेटचं भांडण आठवतं? तू म्हणायचास, घरच्या टेबलाला इतका काटेकोरपणा कशाला. मी अजूनही म्हणतो, हवाच. कॉलपुरत्या चिप्स ठेवायच्या, समोरच्याचा चेहरा बघायचा आणि मग "आणि वर अजून शंभर", ही फुकटची माहिती आहे. म्हणून आधी तोंडाने "रेझ" म्हणायचं, नाहीतर सगळ्या चिप्स एकाच हालचालीत पुढे ठेवायच्या. कुणी २५ लावले असताना न बोलता १०० ची एकच चिप टाकली तर तो कॉलच. यावर तू दोन दिवस अबोला धरला होतास, आणि तिसऱ्या दिवशी तर्री-पोहे खाताना मान्य केलंस. वहिनी साक्षीदार आहेत.

पाळी सोडून फोल्ड करणं लोकांना किरकोळ वाटतं. नाही. डावीकडचा आधीच पानं टाकून बसला, तर मधल्याला कळतं की मागे एक धोका कमी झाला, आणि ज्याने पहिलं बेट केलं त्याचं नुकसान होतं. तसंच हात सोडल्यावर गप्प बसायचं. फ्लॉपला नव्वी-नव्वी-चौव्वी पडली आणि तू "अरेरे" केलंस, की तू नव्वी टाकलीस हे सगळ्यांना कळतं आणि ब्लफ करणाऱ्याचा डाव मेला. मोठ्या चिप्स पुढे दिसतील अशा ठेवायच्या, पानं टेबलावरच ठेवायची. उठायचं असेल तर एक फेरी आधी सांगायचं. मोठा पॉट ओढून लगेच चप्पल घालायची नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? फ्लॅटचा ताबा मिळाला का? आईचे गुडघे कसे आहेत? माझं बीपी गोळीवर ठीक आहे.

आता काम. गुड्डूला रागावू नकोस. तू त्याला पॉट ऑड्स (पॉटच्या मानाने कॉल परवडतो का, तो हिशेब) शिकवलेस, तुझं तो ऐकेल. पाडव्याला येशीलच, तेव्हा पहिला तासभर त्याला खेळवायचं नाही, पत्ते वाटायला बसवायचं. वाटणाऱ्याला पाळी सांभाळावी लागते, पॉट मोजावा लागतो, प्रत्येक वेळी एक पान जाळून मग फ्लॉप उघडावा लागतो, आणि जिंकणाऱ्याबरोबर हरणाऱ्याचाही चेहरा बघावा लागतो. स्वतःची पानं नसली की तो चेहरा नीट दिसतो. नंतर त्याला अण्णांच्या शेजारी बसवू. माफीबिफी मागायला लावू नको, अण्णांनाच अवघड होईल.

येताना पूर्ण प्लास्टिकचे दोन कॅट आण, वेगळ्या रंगांच्या पाठीचे. उन्हाळ्यात कूलरच्या ओलीने कागदी पत्ते वाकले, आणि वाकलेला एक्का पाठीवरून ओळखू येतो. चिप्सचा ३०० चा डबा माझ्याकडे आहे. आठ जण धरलेत, प्रत्येकाला ५,०००: पंचवीसच्या ८, शंभरच्या ८, पाचशेच्या ४, हजारच्या २. ब्लाइंड (पानं बघायच्या आधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या चिप्स) २५-५० पासून, दर वीस मिनिटांनी वाढवू. चिवड्याची वाटी टेबलापासून लांब, हे बंड्याला तूच सांग, माझं तो ऐकत नाही.

गाडी कोणती ते कळव, स्टेशनवर येतो. आईंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नाना